पाण्यापर्यंत मैदान

आम्ही तीन-चार जुने खेळाडू बोईसर स्टेशनासमोर चहाला भेटलो की पहिला कप गुडघ्यांवर जातो. कुणाचा डावा दुखतो, कुणाचा उजवा. दुसऱ्या कपाला कुणीतरी म्हणतं, "आज जमादार असते तर..." आणि मग आमची गावाकडची एसटी चुकते ती चुकतेच!

हे किस्से कुणी ठरवून जमवलेले नाहीत. दर वेळी एकाला एक आठवतो, दुसरा त्यात भर घालतो, तिसरा म्हणतो असं नव्हतंच. असे साठत गेले. सांगणारे मात्र कमी होत चाललेत, म्हणून आहे तोवर सांगून घेतो.

गोष्ट साठ-पासष्ट सालच्या आसपासची. आमचं गाव केळवे आणि तारापूर यांच्या मधलं, अगदी किनाऱ्यावर. एका अंगाला नारळी-पोफळीच्या वाड्या, दुसऱ्या अंगाला मच्छीमारांची घरं, आणि बंदरावर एक पोलीस चौकी. तेव्हा दारूबंदी होती, म्हणजे दारू भरपूर होती. खाडीच्या तिवरांत भट्ट्या लागत आणि तो माल संध्याकाळच्या गाडीला बोईसरला पोचवायला पोरं लागत. रबरी ट्यूब दारूनं भरायची, पोटाला गुंडाळायची, वर सदरा घालायचा आणि चालू लागायचं. वय पंधरा-सोळा, शाळा सुटलेली आणि पाय पळणारे, एवढी लायकी पुरे होती. भट्टीवाल्याला सगळं गाव मामा म्हणायचं. तो पोरांना हाक मारायचासुद्धा इतक्या मायेनं की नाही म्हणवत नसे.

अशा गावात घाटावरून, साताऱ्याकडचे एक जमादार चौकीवर बदलून आले.

* * *

जमादारांनी पहिल्याच महिन्यात ओळखलं की पोरांना पकडून उपयोग नाही. एकाला पालघरला कोर्टात नेऊन येईपर्यंत इकडे मामाकडे दोन नवे तयार. पोरं संध्याकाळी रिकामी असतात हेच दुखणं आहे असं त्यांचं मत पडलं. तारापूरला अणुवीज केंद्राच्या कामासाठी आलेल्या एका इंजिनिअर साहेबांना गाठून त्यांनी एक फुटबॉल मागून आणला. साहेब स्वतः जीपमधून आले, भाषण केलं, टाळ्या झाल्या, पहिली लाथ साहेबांनीच मारली.

दोन दिवस आम्ही जीव तोडून खेळलो. तिसऱ्या दिवशी जमादारांनी बॉल हवेत उडवला तो धप्पकन पडला आणि पडला तिथेच राहिला. वरची दोरी सोडून बघतात तर आत भाताचा पेंढा! आतला रबरी फुगा त्याच संध्याकाळी बोईसरच्या फलाटावर एका पिशवीत सापडला. तुडुंब भरलेला.

जमादार रात्रभर विचारात पडले असावेत. सकाळी आम्हाला चौकीपुढे बसवून म्हणाले, "व्हॉलीबॉल नगं, त्येच्यात बी फुगा असतोय. बॅट नगं, ती तुमी पोकळ कराल. आजपास्नं हुतुतू. त्येच्यात दारू भराय काय बी न्हाई."

आमच्या मंडळाची स्थापना ही अशी झाली.

* * *

मैदान हवं. गावात सपाट जागा म्हणाल तर ओहोटीच्या वेळची वाळू, दुसरी नाही. ओली, घट्ट, पडलं तरी न लागणारी. जमादारांनी पौर्णिमेच्या संध्याकाळी चुन्यानं सुरेख रेषा आखून घेतल्या, मधली जरा जाड काढली आणि सांगितलं, "रोज पाच वाजता. उशिरा यील त्येनं किनाऱ्यावर पळत दोन फेऱ्या मारायच्या."

दुसऱ्या दिवशी पाच वाजता बघतात तर एक रेषा शिल्लक नाही. जमादारांचा चेहरा बदलला. आम्हाला ओळीत उभं करून विचारपूस सुरू. चुना कुणी पुसला? मामानं सांगितलं का? खरं बोला. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. समुद्र नेतो हे सांगायचं असतं, असं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. शेवटी आमच्यातला दामू म्हणाला, "जमादार, भरती आलती ना दुपारी."

"इतक्या वर?"

"रोजच येते."

जमादारांनी समुद्राकडे जे बघितलं ते मला अजून आठवतं. समुद्र हलतो हे त्यांना ठाऊक होतं, पण इतका हलतो याची कल्पना नव्हती. त्यांनी चुना सोडून दिला आणि काठीनं रेघा मारायला लागले.

आठवडाभरानं दुसरीच अडचण आली. पाच वाजता मैदानावर पुरुषभर पाणी! दामूनं समजावून सांगितलं की भरती रोज पाऊण तास पुढे सरकते. मग तो गंभीरपणे म्हणाला, "समुद्र रोज उशिरा येतो जमादार. त्याला पन दोन फेऱ्या सांगा."

* * *

यातून आमच्या मैदानाचा एक कायदा ठरला, जो जगात दुसरीकडे नसेल. हुतुतूच्या मैदानाला मागं दोन्हीकडे रेषा असते. तिच्या बाहेर गेलात की बाद. आमच्या गावाकडच्या अर्ध्या भागाला ती रेघ होती. समुद्राकडच्या अर्ध्या भागाला मात्र नव्हती. पाणी सारखं पुढेमागे होणार, रेघ किती वेळा मारायची? म्हणून तिकडे पाणी हीच रेषा. ओहोटी चालू असली की खेळता खेळता मैदान लांब होत जायचं. पाण्याला पाय लागला की बाद.

त्याचा हिसका आम्हाला सफाळ्याला बसला. पहिलाच बाहेरगावचा सामना, भाताचं खळं, चारी बाजूंनी पांढऱ्याशुभ्र रेषा. समोरचा गडी दम भरून आमच्यात शिरला. बाकीचे सहाजण बिचकत रेषेपाशी थांबले, पण दामू मागं मागं जात राहिला. रेषा ओलांडली, बघणारे बाजूला झाले, चहाची किटली घेऊन उभा असलेला माणूस बाजूला झाला, तरी दामू मागंच. पंच शिट्ट्या मारताहेत. शेवटी विहिरीच्या कठड्याला पाठ लागली तेव्हा थांबला.

पंच धापा टाकत मागोमाग गेले. "अरे, तू बाद आहेस. केव्हाचा बाद आहेस."

दामूनं विहिरीत वाकून बघितलं. "कसा काय? पानी कुठं लागलंय अजून?"

* * *

लहानूचं नाव अजून घेतलं नाही. मुद्दामच घेतलं नाही, कारण एकदा घेतलं की बाकीचे किस्से मागे पडतात.

लहानू मच्छीमाराचा पोर. काळा, शेलाटा, बोलायला कमी. बाप समुद्रात बुडून गेलेला, थोरला भाऊ मामाचा माल नेताना पकडला जाऊन ठाण्याच्या तुरुंगात. ओल्या वाळूवर त्याच्यासारखा पळणारा कुणी नव्हता आणि पाण्याखाली बुडी मारली की बघणाऱ्याला काळजी वाटे इतका त्याचा दम होता. म्हणजे हुतुतूला जे लागतं ते सगळं त्याच्यापाशी होतं. आणि मामाला जे लागतं तेही तेच होतं. त्यामुळे आमच्या गावात खरा सामना एकच चालू होता. एका बाजूला जमादार, दुसऱ्या बाजूला मामा, मध्ये लहानू.

मामा हुशार. अष्टमीच्या आसपास संध्याकाळी भरती असते, खेळ होत नाही, हे त्यानं हेरलं. माल तेव्हाच काढायला लागला. जमादारांनी मग त्या दिवसांत आम्हाला आमच्या वडिलांच्या वाडीत खेळायला आणलं. पोफळींच्या मधून हुतुतू. चार पानवेली मोडल्या. वडील काठी घेऊन आले, लहानूला बघून थांबले आणि मला म्हणाले, "त्या कोपऱ्यात खेळा. तिथल्या वेली जुन्याच आहेत."

वडील असं बोलले याचं मला आज जास्त वाटतं. तेव्हा आम्ही कोपऱ्याकडे पळालो नुसते.

* * *

लहानूची आई मासळीची पाटी घेऊन एकदा सरळ चौकीत शिरली. पाटी खाली ठेवली आणि फाटका सदरा जमादारांच्या टेबलावर टाकला. हुतुतूत पकड झाली की सदरा फाटणार हे ठरलेलंच.

"जमादारदादा, ह्यो तिसरा. आता मी ह्याला काय घालू?"

जमादार म्हणाले, "आक्का, सदरा काढून खेळ म्हनून सांगतो त्येला."

"ता सांगा. नायतर मामाकडं धाडते परत. दारू न्यायचा तवा सदरा तरी साबूत यायचा घरी."

ती पाटी उचलून दारापर्यंत गेली आणि तिथून म्हणाली, "ह्यो एकच राह्यलाय माझा. तुमी धरला काय, त्यानं धरला काय. कोणी तरी नीट धरा म्हंजे झालं."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही सगळेच उघड्या अंगानं खेळायला लागलो.

* * *

जमादारांची हजेरी घ्यायची पद्धत वेगळी होती. नाव पुकारायचं नाही. प्रत्येकानं त्यांच्या तोंडासमोर उभं राहून एका दमात हुतुतू म्हणायचं आणि त्यांनी डोळे मिटून ऐकायचं. दम किती टिकतो ते बघतोय असं सांगायचे. खरं कारण सगळ्यांना माहीत होतं. त्यांचं नाक फार तिखट होतं.

एकदा पालघरहून फौजदारसाहेब तपासणीला आले ते थेट मैदानावर. बघतात तर जमादार डोळे मिटून उभे आणि पोरं एकामागून एक त्यांच्या तोंडावर हुतुतू करताहेत. कारण कळल्यावर ते खूप हसले. गंमत म्हणून आपल्याबरोबरच्या शिपायालाही म्हणाले, "जा रे, तूही उभा राहा."

त्या दिवशी सगळी पोरं पास झाली. बाद झाला तो एक शिपाई.

* * *

मला कधी कधी वाटतं, आम्ही खेळत होतो तेव्हा कुणीतरी सांगायला हवं होतं की हे संपणार आहे. उन्हं कलताना वाळू चकाकायची, पोरांच्या सावल्या पार सुरूच्या बनापर्यंत जायच्या आणि त्यात तो एकसुरी आवाज, हुतुतू हुतुतू हुतुतू. आता तिथे दगडांचा बंधारा आहे. वाळू निम्मी गेली, घरं बांधायला गेली, नाहीतर समुद्रानं नेली. मी संध्याकाळी बंधाऱ्यावर जाऊन बसतो. फार आठवण येते. एवढंच सांगता येतं, दुसरं काही सांगता येत नाही.

जमादारांची बदली झाली ती परत घाटावर. पेन्शनीत निघाल्यावर ते त्यांच्या गावीच राहिले. दामू बऱ्याच वर्षांनी कुणाच्या तरी लग्नाला त्या बाजूला गेला होता, तेव्हा वाट वाकडी करून त्यांच्याकडे गेला. चारी बाजूंना डोंगर, ज्वारीची ताटं, पाणी म्हणाल तर विहिरीला तेवढं. म्हातारे जमादार अंगणात खाटेवर बसलेले. यानं पाया पडून नाव सांगितलं. त्यांनी त्याला जवळ बसवून घेतलं, पाठीवरून हात फिरवला. घरचं कसं आहे, पोरं काय करतात, काही विचारलं नाही.

म्हणाले, "आज भरती किती वाजता रं?"

आणि दामूनं सांगितली, बरोबर.

* * *

आता लहानूचं सांगतो.

होळीच्या आधीच्या पौर्णिमेला पालघरचा संघ आमच्याकडे खेळायला यायचा होता. एवढा मोठा संघ पहिल्यांदाच येत होता. गावानं पताका लावल्या, सरपंचांनी खुर्च्या मागवल्या. आणि त्याच सकाळी जमादारांनी लहानूला पकडलं.

मामानं त्याला सांगितलं होतं, एक खेप टाक, तुझ्या भावाला चांगला वकील देतो. लहानूनं ट्यूब बांधली आणि पहाटे सुरूच्या बनातून निघाला. जमादारांना चाहूल लागली. पळण्यात लहानू त्यांच्या हाती लागणं शक्य नव्हतं. पण पळताना सवयीनं त्यानं दम धरला आणि तोंडानं हुतुतू चालू झालं. बनात दिसत काही नव्हतं, जमादार आवाजामागं गेले. दम संपला तिथे लहानू बसलेला सापडला. त्यानं स्वतःच ट्यूब सोडून पुढे ठेवली.

चौकीत बेडीची एकच जोडी होती, ती त्याच्या हातात पडली. उद्या पालघरला कोर्टात न्यायचं ठरलं. त्याची आई दुपारभर चौकीच्या पायरीवर बसून होती.

चार वाजता जमादार लहानूला घेऊन मैदानावर आले. मधल्या रेघेपाशी उभं राहून त्यांनी बेडी काढली आणि आपल्या खिशात टाकली. पंचांना म्हणाले, "सातवा गडी." एवढंच.

सामन्याचं सगळं सांगत बसत नाही. अटीतटीचा झाला. दुसऱ्या डावात पालघरचा संघ समुद्राकडच्या बाजूला आला आणि ओहोटी जोरात लागली होती. पौर्णिमेची ओहोटी लांब जाते. मैदान लांबत चाललं होतं आणि तिकडे पाण्याच्या कडेला एक होडी येऊन उभी राहिली. होडी मामाची होती. आमच्याकडे शिडावरून कुणाची होडी ते लहान पोरगं सांगतं. आत दोन माणसं वल्ही धरून बसली होती आणि त्यांच्या होडीत चढलेला माणूस उजाडेपर्यंत गुजरातच्या किनाऱ्याला लागला असता.

मी तेव्हा बाद होऊन जमादारांच्या शेजारी बसलो होतो. मी हळूच म्हटलं, "जमादार, होडी बघितलीत?"

"समुद्राकडं बघितलं की डोळं दुखत्यात माझं," ते म्हणाले आणि सरळ पाठ फिरवून बसले. गावाकडे तोंड, समुद्राकडे पाठ.

शेवटची चढाई लहानूची. पालघरचा एकच गडी उरला होता. त्याला शिवून परत आला तर आम्ही जिंकणार, दम तुटला तर हरणार. तो गडीही बेरका, आमचा कायदा त्याला कळून चुकला होता. तो मागं सरकायला लागला. पाण्यापर्यंत जायला मोकळीक होती आणि पाणी कुठल्या कुठं गेलं होतं. लहानू त्याच्यामागं निघाला. हुतुतू हुतुतू हुतुतू.

दोघं लहान लहान होत गेले. सगळं गाव उठून उभं राहिलं. सरपंच खुर्चीवरून उठले. पायरीवरून येऊन मागे उभी राहिलेली लहानूची आई तेवढी खाली बसली. तिकडे होडी वल्ह्याच्या एका फटक्यानं आणखी कडेला आली. लहानू त्या गड्यापाशी पोचला तेव्हा होडी त्याच्यापासून हाकेच्या अंतरावरसुद्धा नव्हती, त्याहून जवळ होती.

मी जमादारांकडे बघितलं. ते डोळे मिटून बसले होते. आवाज बारीक होत गेला. वाऱ्यात थोडा यायचा, थोडा जायचा. मग येईनासा झाला. नुसती लाटांची गाज.

मी समुद्राकडे बघायला धजावलो नाही, जमादारांच्या तोंडाकडेच बघत राहिलो. त्यांची मान जराशी कलली होती.

मग त्यांच्या मिटल्या डोळ्यांच्या कडा हलल्या. त्यानंतर मला ऐकू आलं. आधी वाटलं भास आहे. मग वाळूवर पाय वाजायला लागले आणि तो आवाज, फाटलेला, चिरकलेला, पण न तुटलेला, जवळ जवळ येत राहिला. हुतुतू हुतुतू हुतुतू. लहानू मधल्या रेघेवर पालथा पडला. हात रेघेच्या अलीकडे होता. पंचांनी शिट्टी वाजवली. आम्ही जिंकलो होतो, पण ओरडलं कुणीच नाही.

जमादार उठले. मागची वाळू झटकली, टोपी घातली आणि चौकीच्या वाटेला लागले. मागं वळून त्यांनी बघितलं नाही. बेडी खिशातच होती.

लहानू उठला. छाती अजून वरखाली होत होती. आई समोर उभी होती, तिच्याकडे बघून त्यानं मान हलवली आणि तोही त्याच वाटेनं निघाला.

सुरूच्या बनापर्यंत दोघं आम्हाला दिसत होते. जमादार पुढे, लहानू मागे.